वस्तादांची दाद कोण घेणार?

चैत्र-वैशाखात पेठ वडगावच्या पंचक्रोशीत यात्रांचा हंगाम सुरू झाला, की गावोगावच्या माळावर कुस्त्यांची मैदाने भरू लागतात. चौकात फलक लागतात, जोडी जाहीर होतात, इनामाचे आकडे मल्लांच्या नावांपेक्षाही ठळक अक्षरांत छापले जातात. हलगी कडाडते, शड्डू घुमतात, आणि दिवस कलताना शेवटची कुस्ती निकाली झाली म्हणजे विजयी मल्लाला खांद्यावर घेऊन सारा माळ नाचतो. या गर्दीत आखाड्याच्या कडेला खांद्यावर टॉवेल टाकून एक प्रौढ गृहस्थ उभे असतात. पहाटे चारला तालमीचे दार उघडण्यापासून रात्री पोरांच्या दुधाचा हिशेब करण्यापर्यंतचे सारे कष्ट त्यांचे असतात. त्यांना फेटा बांधला जातो, हातात नारळ दिला जातो, ध्वनिक्षेपकावरून त्यांचे नाव एकदा पुकारले जाते. पुढच्या यात्रेपर्यंत मग त्यांची आठवण कोणाला होत नाही.

गावच्या यात्रा कमिटीने निदान फेटा तरी बांधला, असे म्हणण्याची पाळी यावी अशी स्थिती राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरील कुस्ती संघटनांनी निर्माण केली आहे. गेल्या काही वर्षांत या संघटनांचा जो कारभार देशाने पाहिला, त्याची चर्चा अध्यक्ष कोण, निवडणूक कोणी जिंकली, न्यायालयाने काय म्हटले, याच अंगाने झाली. खेळाडूंच्या हालांविषयी थोडेफार लिहिले गेले. परंतु ज्याच्या हातून खेळाडू घडतो त्या वस्तादाचे या साऱ्या रचनेत स्थान काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसत नाही. कोल्हापूर जिल्ह्याने तो विचारला नाही, तर दुसरे कोण विचारणार?

खाशाबा जाधवांची कथा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. १९५२ च्या हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. आणि कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. प्राचार्यांच्या त्यागाची ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्याच स्पर्धेतील दुसरी एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. जपानच्या इशीशी दीर्घकाळ झुंज दिल्यानंतर खाशाबांना जवळजवळ लगेच सोव्हिएत मल्लाशी लढण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती देण्याचा नियम होता. तो नियम पंचांपुढे मांडण्यासाठी भारताचा एकही अधिकारी त्या वेळी जवळपास नव्हता, असे त्या प्रसंगाचे वर्णन केले जाते. थकलेला मल्ल आखाड्यात उतरला आणि हरला. त्याचे कांस्यपदक राहिले. याहून वरचे पदक मिळाले असते की नाही, हे सांगणे कठीण. परंतु त्या अर्ध्या तासासाठी भांडणारा माणूस मॅटच्या कडेला असता, तर निदान लढत तरी बरोबरीची झाली असती.

घर गहाण टाकणारा प्राचार्य कोल्हापूर देऊ शकले. मॅटच्या कडेला नियम जाणणारा माणूस उभा करणे हे काम मात्र संघटनेचे होते. तेथे ती उणी पडली. गेल्या सात दशकांत या कामात फरक पडला नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; आता भारतीय पथकाबरोबर प्रशिक्षक जातात, मालिश करणारे जातात, वैद्यही जातात. प्रश्न निराळा आहे. हे प्रशिक्षक कोठून येतात, आणि ज्यांनी त्या मल्लाला दहाव्या वर्षापासून घडविले ते वस्ताद त्या वेळी कोठे असतात?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी आजच्या कुस्तीचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. आपल्या मातीतील कुस्तीला घड्याळ नाही. पाठ लागली की निकाल. तोवर झुंज चालू. मॅटवरील कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळात प्रत्येक हालचालीला गुण असतात, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तेथेच थांबते. त्याहून महत्त्वाची एक बाब अशी, की पंचांचा निर्णय मान्य नसेल तर फेरतपासणीची मागणी करण्याचा अधिकार कोपऱ्यात बसलेल्या प्रशिक्षकाला असतो. निर्णय होताच काही सेकंदांच्या आत त्याने स्पंजचा ठोकळा मॅटवर टाकावयाचा, मग चित्रफीत पाहिली जाते. मागणी चुकीची ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे हेलसिंकीत जो अधिकार बजावायला कोणी नव्हते, तशाच स्वरूपाचा अधिकार आज नियमाने प्रशिक्षकाच्या हाती दिला आहे. तो केव्हा वापरावा, केव्हा वापरू नये, आपला मल्ल कोणत्या क्षणी दमतो, कोणत्या डावात त्याचा डावा गुडघा दगा देतो, हे ज्याने त्याला वर्षानुवर्षे रोज पाहिले आहे त्यालाच कळणार.

आणि त्याच माणसाला त्या खुर्चीत बसता येत नाही! कारण त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा आपल्या देशात प्रशिक्षक म्हणून ओळखले जाण्याचा राजमार्ग आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने देशाला चांगले प्रशिक्षक दिले, याविषयी वाद नाही. क्रीडाशास्त्र, आहारशास्त्र, दुखापतींचे ज्ञान या गोष्टी आजच्या कुस्तीला हव्यातच. ‘आमच्या काळी बदामाच्या थंडाईवर भागत होते’ असे म्हणून चालणार नाही. परंतु ज्याने ऐन तारुण्य आखाड्यात घालविले, ज्याचे शिक्षण नववी-दहावीत सुटले आणि ज्याच्यावर आज वीस पोरांच्या तालमीचा भार आहे, त्या माणसाने तालीम बंद करून, घरची जनावरे व ऊस वाऱ्यावर सोडून पतियाळाला जावे, ही अपेक्षा वास्तव आहे काय? परीक्षा घ्यायची तर ती त्याच्या दाराशी, त्याच्या भाषेत का घेता येऊ नये? जागतिक कुस्ती संघटनेचे नियम बदलत राहतात. ते मराठीत छापून प्रत्येक तालमीत पोहोचविण्याइतके साधे काम कोणत्याही संघटनेने नित्यनेमाने केल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही.

कोणी म्हणेल, द्रोणाचार्य पुरस्कार आहे की! आहे खरा. १९८५ मध्ये तो प्रथम दिला गेला तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत हे होते, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. परंतु पुरस्कार हा वर्षातून मोजक्या माणसांना मिळणारा सन्मान आहे. ती व्यवस्था नव्हे. शाळेत एका शिक्षकाला आदर्श शिक्षक पुरस्कार दिला म्हणून बाकीच्यांचे पगार बंद करता येत नाहीत. वस्तादांच्या बाबतीत मात्र नेमके तेच चालले आहे.

कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांनी मल्लांच्या पिढ्या घडविल्या. १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतील पदकविजेते, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील प्रतिनिधी असलेला हा माणूस २०१८ मध्ये निधन होईपर्यंत ‘आबा’ या एकाच नावाने तालमीत ओळखला जात होता. त्यांच्यासारख्यांना स्वतःच्या कीर्तीचे बळ असते. ज्याला ती कीर्ती नाही, जो जिल्हा स्पर्धेपलीकडे गेला नाही पण ज्याची नजर पारखी आहे, अशा शंभरांतील नव्याण्णव वस्तादांचे काय? परंपरेने वस्ताद फी घेत नाही. पोरांचे आईबाप उसाच्या नाही तर दुधाच्या बिलातून खुराकाचे पैसे धाडतात, आणि तेही थकले म्हणजे वस्ताद आपल्या खिशातून भर घालतो. ही परंपरा थोर आहे. परंतु तिच्या थोरवीचा फायदा घेऊन संघटनांनी आपली जबाबदारी टाळावी, हे थोरपणाचे लक्षण नव्हे.

संघटनेच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. २००८ पासून २०२४ पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये भारताला कुस्तीत पदक मिळाले आहे: सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया, अमन सेहरावत. असे सातत्य फार थोड्या खेळांत आपल्याला साधले. याचे काही श्रेय राष्ट्रीय शिबिरांना आणि संघटनेलाही दिले पाहिजे. परंतु ही नावे पुन्हा एकदा वाचावीत. त्यांत महाराष्ट्राचे एकही नाव नाही. कुस्तीत आपले ऑलिंपिक पदक आजही खाशाबांचेच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्याच्या राहुल आवारेने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तेव्हा क्षणभर आशा वाटली होती. पण त्याचा वजनगट ऑलिंपिकमधला नव्हता.

याचा सारा दोष दिल्लीवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमने आणि हरियाणाच्या आखाड्यांनी मॅट अंथरली, तेव्हा आपण लाल मातीचे गोडवे गात बसलो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग मैदानाची मिजास आपल्याला आहे, आणि ती असावी. पण माळावरचा प्रेक्षक मातीतील कुस्तीला पैसे टाकतो. इनाम मातीत आहे आणि पदक मॅटवर आहे. घरची गरिबी असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने यांतले काय निवडावे? तो यात्रेतल्या मैदानांना जातो, आणि त्याला आपण दोष देऊ शकत नाही. त्याला मॅटकडे वळवायचे तर मॅटवर राहण्याइतके त्याचे पोट भरले पाहिजे, आणि हे काम एकट्या वस्तादाच्या आवाक्यातले नाही.

ज्या काळात या कामाला हात घालावयाचा, तो काळ संघटनांनी भांडणात घालविला. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीत जंतरमंतरवर बसले. भारतीय कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर त्यांनी महिला मल्लांच्या छळाचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले. ते प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याचा निवाडा न्यायासनाचा विषय आहे. त्यावर आम्ही येथे मत देऊ इच्छित नाही. परंतु त्या प्रसंगाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. देशातील सर्वांत नामांकित मल्लांनाही आपली तक्रार सांगण्यासाठी संघटनेत विश्वासाची जागा नव्हती. त्यांना रस्त्यावर बसावे लागले. सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. ज्या घरांतून मुली प्रथमच आखाड्याकडे येऊ लागल्या होत्या, त्या घरांतील बापाने याच महिन्यांत वर्तमानपत्रे वाचून काय विचार केला असेल? त्याला धीर देण्याचे कामही अखेर गावच्या वस्तादालाच करावे लागले.

पुढची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. वेळेवर निवडणुका न घेतल्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले, आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपल्या मल्लांना तिरंग्याविना उतरावे लागले. अंतिम पंघालने तेथे कांस्यपदक जिंकले ते तटस्थ खेळाडू म्हणून. डिसेंबरात निवडणूक झाली. तीनच दिवसांत क्रीडा मंत्रालयाने नवे मंडळ निलंबित केले. निमित्त झाले ते १५ आणि २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा पुरेशी पूर्वसूचना न देता उत्तर प्रदेशातील गोंडा येथे घाईने घेण्याच्या घोषणेचे. मंत्रालयाने हे निलंबन उठविले ते मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात हंगामी समिती आली, गेली. निवड चाचणीचे नियम कोणासाठी शिथिल झाले, कोणासाठी नाहीत, त्यावर न्यायालयांत दावे झाले.

मोठ्या मल्लांचे नुकसान वर्तमानपत्रांत आले. आमच्या दृष्टीने त्याहून मोठे नुकसान झाले ते नाव नसलेल्या मुलांचे. पंधरा वर्षांखालील गटातील मुलाचे एक वर्ष गेले म्हणजे ते कायमचे गेले; पुढल्या वर्षी तो त्या गटात राहत नाही. शालान्त परीक्षा एक वर्ष घेतलीच नाही, आणि पुढल्या वर्षी ‘तुमचे वय उलटून गेले’ असे विद्यार्थ्याला सांगितले, तर आपण शिक्षक गप्प बसलो असतो काय?

राज्यात तर दुहेरी आपत्ती. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद बरखास्त केली व प्रकरण न्यायालयात गेले. १९६१ पासून ज्या किताबासाठी महाराष्ट्रातील पोरे रक्त आटवीत आली, त्या महाराष्ट्र केसरीच्या नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन स्पर्धा झाल्या. एक पुण्याजवळ फुलगावला आणि दुसरी धाराशिवला. सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी, आणि शिवराज राक्षेही महाराष्ट्र केसरी. २०२५ मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला एक आणि मार्चमध्ये कर्जतला दुसरी. अहिल्यानगरच्या स्पर्धेत निकालावरून मल्लाने पंचाला लाथ मारली आणि अंतिम कुस्ती अर्धवट राहिली. पंचावर पाय उगारणे हा अक्षम्य अपराध होय आणि त्याला शिक्षा झाली, ती योग्यच. परंतु ज्या मैदानात निर्णयाविरुद्ध शांतपणे दाद मागण्याच्या सोयीवर मल्लाचा आणि त्याच्या वस्तादाचा विश्वास असतो, तेथे असे प्रसंग घडत नाहीत, हेही संयोजकांनी लक्षात घ्यावे.

प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे शिक्षकाचे काम केले आहे. नववीच्या वर्गातील एक मुलगा, कान मोडलेला, मान आखूड, शेवटच्या बाकावर बसणारा, रजेचा अर्ज घेऊन आला. निवड चाचणीला जावयाचे होते. रजा दिली. तिसऱ्या दिवशी तो वर्गात हजर! विचारले, तर म्हणाला, “गुर्जी, तिथं गेलो तर म्हनाले, ही चाचणी आपली न्हवं, दुसऱ्यांची हाय. आपली कवा हाय ते त्यास्नीच म्हाईत न्हाई.” त्याच्याबरोबर त्याचे वस्तादही गेले होते, एस. टी.चे दोघांचे भाडे त्यांनीच दिले होते. आयोजक कोण होते याची चौकशी करण्यात अर्थ नव्हता. दोन्हीकडे शिक्के होते, लेटरहेड होते, अध्यक्षांचे छायाचित्र होते.

कचेरीत काम करणाऱ्या आमच्या वाचकांना या शिक्क्यांचे मोल वेगळे सांगावयास नको. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. ग्रामीण भागातील मल्लाच्या डोळ्यांपुढे ऑलिंपिक क्वचितच असते; त्याला पोलीस खात्यात किंवा रेल्वेत चिकटायचे असते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेचे प्रमाणपत्र लागते. दोन संघटना, दोन स्पर्धा, दोन प्रमाणपत्रे. त्यांतले कोणते खरे, हे ठरविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत असेल, तर त्या पोराच्या मेहनतीची किंमत कागदाएवढीही उरत नाही. वस्तादाने काय शिकविले याला अर्थ राहत नाही. कोणत्या गटाकडे पाठविले याला अर्थ येतो.

हे दुखणे एकट्या कुस्तीचे नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय टेनिस संघटनेकडे पाहावे. देशातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सुमित नागल याने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या बँकेत जेमतेम ९०० युरो उरल्याचे सांगितले. चार महिन्यांत त्याच मुलाने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित बुब्लिकला हरविले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या संघटनेच्या निवडणुकीचा निकाल सोमदेव देववर्मन आणि पुरव राजा या खेळाडूंच्या याचिकेमुळे मोहोरबंद ठेवावा लागला. आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली, तेव्हा तिच्या कोल्हापुरातल्या प्रशिक्षकांची नावे चार दिवस छापून आली. पाचव्या दिवशी कोठेही नव्हती. नेमबाजीत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. बढती मिळाली ती पदकानंतर. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला तोही त्यानंतरच. आधी पदक आणा, मग विचारू, हा आपल्या सर्व क्रीडा संघटनांचा जणू एकच बाणा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा संमत केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडविण्यासाठी न्यायाधिकरण, कार्यकारी समितीवर १५ सभासदांची मर्यादा, अशा तरतुदी त्यात आहेत. गुणवंत खेळाडूंसाठी आणि महिलांसाठी समितीत जागा राखल्या आहेत, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु त्या राखीव जागांत प्रशिक्षकाचे नाव नाही. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. पदाधिकारीही आता मुदतीने बांधलेला. चाळीस वर्षे एकाच आखाड्यात उभा असणारा वस्ताद तेवढा मतदार नाही, सभासद नाही, तक्रारदारही नाही. विद्यापीठाच्या कारभारात अध्यापकांना प्रतिनिधित्व नसते, तर आपण ते विद्यापीठ मानले नसते.

आमच्या मागण्या भव्य नाहीत. जिल्ह्यातील प्रत्येक चालू तालमीची आणि तिच्या वस्तादाची अधिकृत नोंद व्हावी. शिवाजी विद्यापीठ आणि राज्याचे क्रीडा खाते यांनी मिळून वस्तादांसाठी मराठीतून, उन्हाळी सुटीत, कोल्हापुरातच अल्प मुदतीचा अभ्यासक्रम काढावा. त्यात नियम, आहार, दुखापतीवरील प्रथमोपचार आणि उत्तेजक द्रव्यांविषयीची माहिती असावी. बाजारातल्या डब्यातली पावडर खाऊन पोराची कारकीर्द बुडू शकते, हे वस्तादाला कळलेच पाहिजे. त्यात उत्तीर्ण होईल त्याला राज्य स्पर्धेत आपल्या मल्लाच्या कोपऱ्यात बसण्याचा हक्क मिळावा. राष्ट्रीय शिबिरात निवड झालेल्या मल्लाच्या मूळ वस्तादाला वर्षातून काही दिवस तेथे मानधनावर बोलवावे. आणि जिल्हा संघटनेच्या निवडणुकीत नोंदलेल्या वस्तादांना मत असावे. यांतील शेवटची मागणी पदाधिकाऱ्यांना सर्वांत अवघड वाटेल. म्हणूनच ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

पैसा कोठून येणार, असे विचारले जाईल. ज्या स्पर्धांत विजेत्याला मोटारी आणि ट्रॅक्टर बक्षीस दिले जातात, ज्यांच्या मंडपावर व झगमगाटावर पाण्यासारखा पैसा ओतला जातो, त्यांच्या आयोजकांनी तरी हा प्रश्न विचारू नये. एका मोटारीच्या किमतीत एका तालुक्याला मॅट मिळेल. यात्रा कमिट्यांनाही एक विनंती आहे: शेवटच्या कुस्तीच्या इनामातील काही वाटा, मल्लाशी आधीच ठरवून, त्याच्या तालमीच्या नावे द्यावा. फेटा आणि नारळ त्यानंतर.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा आता राज्याचा क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणे होतात, प्रभातफेऱ्या निघतात, आणि प्राचार्य खर्डेकरांच्या घराची गोष्ट नव्या मुलांना सांगितली जाते. येत्या क्रीडा दिनी जिल्ह्यातील आपण शिक्षकांनी एक काम करावे. आपापल्या गावातील तालमीत जाऊन वस्तादांचे नाव, त्यांच्याकडील मुलांची संख्या आणि तेथे मॅट आहे की नाही, एवढे एका कागदावर लिहून घ्यावे व तो कागद जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे नेऊन द्यावा, पोच घ्यावी. महाराष्ट्रातील कुस्तीचा कारभार आम्हीच पाहणार, असे म्हणणाऱ्या प्रत्येक गटाला मग विचारता येईल, की यांतील किती नावे तुमच्या दप्तरी आहेत.